सही केलेला फोटो

घर दाखवताना त्यांनी आम्हाला दोनच प्रश्न विचारले. तुमच्यापैकी कुणी पेटी वाजवतं का, आणि तुम्ही नक्की मराठी आहात ना. पहिल्याचं उत्तर नाही आणि दुसऱ्याचं हो आलं, तशा त्या खुर्चीतून उठल्या आणि माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "मग बघतोस काय? आण की च्यायला सामान!"

नवरा त्या वेळी तिथल्या मोठ्या इस्पितळात नुकताच लागलेला डॉक्टर होता आणि मी लग्न होऊन कराडहून आलेली. पांढऱ्या रेशमी सलवार-कमीजमधल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, गोऱ्यापान पंजाबी बाईंच्या तोंडून 'च्यायला' ऐकायची आमची काही तयारी नव्हती. पण चंदीगढच्या अकरा सेक्टरमध्ये, इस्पितळाच्या इतक्या जवळ, वरचा मजला आणि गच्ची दोन्ही देणारं दुसरं कुणी नव्हतं. आम्ही सामान आणलं.

आमच्या या घरमालकीण मॅडम एके काळी सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या होत्या आणि त्यानंतर तेरा-चौदा वर्षं मुंबईत सिनेमात होत्या. त्यांचं मराठी स्टुडिओत तयार झालं होतं. केस बांधणारी बाई लालबागची आणि दिवे हलवणारी माणसं मालवणकडची. त्यामुळे त्यांच्या मराठीत घाई होती, हुकूम होता, शिव्या होत्या. फक्त 'आपण' आणि 'कृपया' नव्हतं. शिव्या या शिव्या आहेत हे त्यांना कुणी कधी सांगितलं नसावं. सकाळी पाण्याची टाकी भरून वाहायला लागली की खालून हाक यायची, "ए बये, मेलीस काय वर? नळ मार की!" आणि मी नळ बंद करून खाली डोकावले की त्या अत्यंत मायेनं हसायच्या.

माझे सासरे निवृत्त हेडमास्तर. ते पहिल्यांदा आले तेव्हा मॅडम फाटकापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "काय म्हाताऱ्या, गाडीत लय हाल झाले काय रे?" सासऱ्यांना चाळीस वर्षांत कुणी अरेतुरे केलं नव्हतं. रात्री जेवताना त्यांनी आधी ताकाची वाटी संपवली. मग म्हणाले, "बाई मोकळ्या आहेत." परत जाताना त्यांनी मॅडमसाठी गच्चीत वाळवलेल्या सांडग्यांचा डबा ठेवला. आम्हाला ठेवला नाही.

सौंदर्यस्पर्धेचा मुकुट त्या तांदळाच्या डब्यात ठेवत. चोर दागिने कपाटात शोधतो, भात कुणी चोरत नाही, असा त्यांचा हिशेब होता. मुकुट पत्र्याचा होता आणि त्यातले पाच खडे गळालेले होते, पण तो बघायला मागितला की आधी हात धुवून यावं लागे. सिमल्याच्या कुठल्याशा क्लबात, कॉलेजात असताना, एका उन्हाळ्यात त्यांनी तो जिंकला. तिथे पाहुणा म्हणून आलेल्या एका निर्मात्यानं त्यांना मुंबईचं तिकीट दिलं आणि घरच्यांनी दार बंद केलं. ते दार वडील वारल्यावर उघडलं, तेव्हा आत ही कोठी, म्हणजे हा बंगला होता.

त्यांनी एकूण अकरा सिनेमे केले आणि त्यातल्या आठांत त्या मेल्या. नायकाची बहीण किंवा नायिकेची मैत्रीण, आणि मध्यंतराच्या आत मरण. दोनदा कड्यावरून पडून, एकदा विष, एकदा खोकून, बाकीच्या वेळी गोळी लागून. "हिरोइनला रडायला कुणी तरी लागतं ना," त्या समजावून सांगायच्या, "मग मला मारायचे. पण एकदा बी रिटेक नाही! एका टेकमध्ये मेलेय मी, सांगते तुला." सिनेमा सोडण्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. त्या तेहेतिसाव्या वर्षात असताना त्यांना एका नायकाच्या आईचं काम आलं, आणि तो नायक त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा होता. त्यांनी त्याच दिवशी ट्रंक भरली.

लग्न केलं नाही. "चेहरा देवानं दिला, चाल मी कमावली," असं त्या म्हणत, आणि नवऱ्याचा त्यात काही हात नसल्यामुळे तो विषय तिथेच संपे.

दिवाणखान्यात त्यांची खुर्ची खिडकीच्या डाव्या बाजूला होती, म्हणजे उजेड उजव्या गालावर पडे. डावा गाल मी तीन वर्षांत चार-पाच वेळाच नीट पाहिला असेन. त्या गालात काहीही दोष नव्हता. पंजाबातल्या अतिरेक्यांच्या भीतीनं शहरात तेव्हा चौकाचौकांत वाळूची पोती रचून पोलीस बसलेले असत, बसमध्ये पाटी असे की आपल्या सीटखाली बघून घ्या, आणि दिवेलागणीला दुकानांची शटरं खाली येत. एकदा संध्याकाळी त्यांच्या जुन्या फियाटमधून येताना नाक्यावर आम्हाला अडवलं. शिपायानं काचेतून टॉर्च मारला. मॅडमनी मान किंचित वळवली आणि त्याला म्हणाल्या, "थोड़ा ऊपर, बेटा. ठोड़ी के नीचे छाया आ रही है." शिपायानं टॉर्च वर केला. मग बराच वेळ तसाच धरला. मग सलाम केला. "ओळखलंन," मॅडम गिअर टाकत म्हणाल्या. त्यानं काय ओळखलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता पत्रांचं सांगते. मॅडमचा एक नियम होता. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं, आणि उत्तरात सही केलेला फोटो ठेवायचा. मुंबईत असताना हे ठीक होतं. पण आता चाहत्यांचं पत्र वर्षाला एखादं यायचं, आणि नियम तसाच राहिला होता. वीज मंडळाचं स्मरणपत्र आलं, फोटो गेला. विमा कंपनीनं हप्त्याची आठवण केली, फोटो गेला. दोन घरं सोडून राहणाऱ्या निवृत्त साहेबांनी मॅडमच्या ग्रामोफोनबद्दल लेखी तक्रार केली. त्यांनाही फोटो गेला, 'सप्रेम' लिहून. फोटो पंचवीस वर्षांपूर्वीचा होता, उजव्या गालाचा. पाचशे प्रती छापून घेतल्या होत्या आणि पलंगाखाली ट्रंकेत भरपूर उरल्या होत्या.

रोज चार वाजता समोरच्या हिरवळीवर त्यांचा क्लास भरायचा. चालण्याचा क्लास. डोक्यावर टेलिफोन डिरेक्टरी ठेवून पोरींनी पोर्चपासून फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. "गर्दन! गर्दन!" असा मॅडमचा आवाज सेक्टरभर जाई. माणूस घाबरला की ते आधी मानेत दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि बाकीचं शरीर मानेच्या मागोमाग जातं. आम्ही आलो त्या वर्षी आठ मुली होत्या. मग मुलींनी काय घालावं, काय घालू नये, याचे हुकूम भिंतींवर चिकटायला लागले. ते कोण चिकटवतं हे कुणी पाहिलेलं नसे, पण वाचलेलं सगळ्यांनी असे. एकेका मुलीचे वडील येऊन हात जोडून गेले. तिसऱ्या हिवाळ्यात एकच मुलगी उरली.

ती गुरमीत. तिला मीच आणलं होतं. मी तोवर मनीमाजऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले होते आणि गुरमीतची धाकटी बहीण माझ्या वर्गात होती. वडील शिंपी. गुरमीतला एअर होस्टेस व्हायचं होतं. तिनं अर्ज केला होता, इंग्रजी ठीक होतं, उंची भरपूर होती, फक्त ती चालायची ती उशीर झाल्यासारखी. मॅडमनी तिला पहिल्या दिवशी चालताना पाहिलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "ही पोरगी विमान पकडायला चाललीय की विमानात कामाला?" पण घेतलं. थंडीत, धुक्यात, सायकलवरून ती रोज यायची. एका महिन्यात तिच्या डोक्यावरची डिरेक्टरी पडायची थांबली. दिल्लीच्या मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा मॅडमनी तिला मुकुट बघायला दिला.

मुलाखतीला तीन आठवडे होते तेव्हा ते दुसरं पत्र आलं.

वहीचा फाडलेला कागद, निळी शाई, गुरुमुखी लिपी. मॅडमचा जन्म लाहोरचा. शाळेत आधी उर्दू, मग कॉन्व्हेंटचं इंग्रजी. पंजाबी त्यांना बोलता यायची, वाचता येत नव्हती. मला तर दोन्ही येत नव्हतं. पण हातानं लिहिलेलं, पाकिटावर त्यांचं संपूर्ण नाव असलेलं पत्र कितीतरी महिन्यांनी आलं होतं. मॅडम सकाळपासून ते घेऊन हिरवळीवर फेऱ्या मारत होत्या. चार वाजता गुरमीत आली तेव्हा सायकल स्टँडला लावायच्या आत त्यांनी तिच्या हातात कागद दिला. "पढ़ तो, बेटा. किसी फॅन का है."

मी गच्चीतून वाळलेले कपडे घेऊन खाली आले होते. गुरमीतनं कागद पाहिला. मग तो थोडा वर, तोंडासमोर धरला आणि मलाही कळेल अशा हिंदीत वाचलं. "सत श्री अकाल जी. मैं रोज़ सड़क से आपको देखता हूँ. आपको चलते देखकर लगता है, शहर में सब ठीक-ठाक है. बाकी सब तो घर में घुसके बैठे हैं जी. आप बाहर आती हो, तो मैं भी दुकान खोल लेता हूँ. मेहरबानी करके यह काम बंद मत करना." असं बरंच काही होतं.

मॅडमनी डोळे पुसले. मी गणिताची बाई. कागदावर साडेचार ओळी होत्या आणि वाचन तीन मिनिटं चाललं होतं.

क्लास सुटल्यावर मी तिला मागच्या गल्लीत गाठलं. तिनं लपवलं नाही. पत्रात लिहिलं होतं की हा नंगेपणाचा धंदा आठ दिवसांत बंद करा, नाहीतर तुम्ही आणि तुमच्याकडे येणाऱ्या मुली आपल्या मरणाला आपणच जबाबदार. खाली सही नव्हती. खरंच कुणी बंदूकवाल्यानं लिहिलं की ग्रामोफोन सहन न झालेल्या साहेबांनी शाळकरी मुलाकडून लिहवून घेतलं, हे कळायला मार्ग नव्हता. त्या काळात दोन्ही प्रकार चालत.

"गुरमीत, पोलिसात द्यायला हवं."

"दीदी, पुलिस पहले पूछेगी किसने पढ़ा. फिर मेरे वीरजी को उठा लेगी." वीरजी म्हणजे तिचा मोठा भाऊ, दुकानात शिवणयंत्रावर बसणारा. तशी मुलं उचलली जात होती, हे खोटं नव्हतं. "और मॅडम को बताओगी तो क्लास बंद. तीन हफ्ते हैं जी. बस इंटरव्ह्यू तक. मैं तो फिर भी आ रही हूँ ना? मरना तो मुझे भी लिखा है उसमें."

मी कबूल केलं. आज वाटतं, मी शूर असते तर सांगितलं असतं आणि शहाणी असते तरीही सांगितलं असतं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला की घर बदलू या. रोज इस्पितळात तो काय बघून येत होता ते मला माहीत होतं, त्यामुळे मी त्याला भित्रा म्हणू शकले नाही.

पण खरी पंचाईत पुढेच होती. पत्राला पत्ता नव्हता. उत्तर पाठवणार कुठे? मॅडम दोन दिवस अस्वस्थ होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोटोवर सही केली, 'माझ्या रस्त्यावरच्या मित्रास' असं इंग्रजीत लिहिलं, आणि फोटो फाटकावर चार टाचण्यांनी लावला. "रोज इथूनच जातो ना तो? घेईल की."

दुसऱ्या दिवशी पहाटे दूध आणायला जाताना मी तो काढला आणि शालीत लपवून वर आणला. बीजगणिताच्या पुस्तकात ठेवला.

सकाळी सातला खालून आरोळी आली. "नेला! पठ्ठ्यानं फोटो नेला गं!" त्या दिवशी त्यांनी मला स्वतः केलेला गाजर हलवा दिला. मी तो खाल्ला. नाही म्हणणार कशी? चार दिवसांनी त्यांनी दुसरा फोटो लावला, त्याहून मोठा. तोही मी काढला. मग तिसरा. नवरा म्हणाला, "आता पोलीस आले तर आधी तुलाच धरतील." पत्रातले आठ दिवस उलटले, काहीही झालं नाही. गुरमीत रोज येत होती. मी रोज चार वाजता गच्चीत उभी राहून रस्त्यावरची प्रत्येक स्कूटर मोजत होते.

मुलाखत बुधवारी होती. गुरमीत मंगळवारी वडिलांबरोबर दिल्लीला निघणार होती. त्याआधीच्या शनिवारी सकाळी मॅडमनी मला खाली बोलावलं आणि एक कागद दिला. स्थानिक वर्तमानपत्रासाठी जाहिरातीचा मजकूर होता. ज्या रसिकानं फाटकावरून तीन फोटो नेले, त्यानं रविवारी चार वाजता चहाला यावं, फाटक उघडं असेल, असा. खाली घराचा नंबर. "स्पेलिंग बघ आणि जाताना देऊन ये. उद्या छापून आलं पाहिजे."

मी स्पेलिंग बघितलं. एकही चूक नव्हती. मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. पत्रात काय होतं, फोटो कुणी नेले, पोलिसांत का दिलं नाही, सगळं. बोलताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, सतरंजीकडे बघत होते.

मी मान वर केली तेव्हा त्यांनी खुर्ची सोडली होती आणि त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. उजेड दोन्ही गालांवर होता. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. तीन आठवडे ही बाई निर्धास्त होती, आणि ते मी पाच मिनिटांत काढून घेतलं होतं.

"मग ते सब ठीक-ठाक?" त्यांनी विचारलं. "ते कुणी लिहिलं?"

"कुणी नाही लिहिलं. गुरमीतनं मनचं सांगितलं."

"दुकान उघडतो म्हणाला ते?"

"तेही तिचंच."

त्या परत खुर्चीत बसल्या. "बस, म्हणजे पत्र आलंच होतं, त्या पोरीचं," त्या म्हणाल्या.

मी जाहिरातीचा कागद घडी घालून परत दिला. क्लास आत, दिवाणखान्यात घ्यावा, असं सुचवलं. तिथे पडदे ओढता आले असते, तीनच तर दिवस राहिले होते.

"येडी काय तू? आत घेतला तर पोरीला कळेल मला कळलंय. मग तिची मान जाईल. बुधवारी मान गेली तर काय विमान उडवणार ती?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिला बोलायचं नाही. शपथ घे."

तीन आठवड्यांत ही दुसरी शपथ होती. मी घेतली.

शनिवारी चार वाजता त्या बाहेर आल्या. रविवारी आल्या. सोमवारी धुकं होतं तरी आल्या. तिन्ही दिवस मी गच्चीत होते. आधी त्या पोर्चच्या पायरीवर उभ्या राहून शिकवायच्या आणि मुली फाटकाकडे चालत जायच्या. त्या तीन दिवसांत त्या स्वतः फाटकाशी उभ्या राहिल्या, रस्त्याकडे पाठ करून, आणि गुरमीतला पोर्चपासून निम्म्या हिरवळीपर्यंतच चालवलं. "इंटरव्ह्यू का कमरा छोटा होता है, बेटा," असं कारण दिलं. रस्त्यावरून स्कूटर गेली की मला वरून त्यांच्या पाठीवरची शाल ताणलेली दिसायची. पण मान हलली नाही. गुरमीत त्यांच्याकडे बघून चालत होती आणि काही समजल्याचं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. मी गच्चीत रडले. कपडे वाळत घालताना रडलं की कुणाला कळत नाही.

त्यानंतर क्लास झाला नाही. सीझन संपला, एवढंच मॅडम म्हणाल्या. आम्ही घर बदललं नाही. नवऱ्यानं पुन्हा विषय काढला नाही. पत्र कुणाचं होतं ते कधीच कळलं नाही.

गुरमीतची निवड झाली. ट्रेनिंग संपवून उन्हाळ्यात ती आली ती गणवेशात, मिठाईचा डबा घेऊन. फाटकापासून पोर्चपर्यंत ती अशी चालत आली की शेजारचे माळीबुवा पाइप धरायचा विसरले. मॅडमच्या पाया पडली. मी सरबत केलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. कुठल्या कुठल्या शहरांत मुक्काम असतो, जेवण काय असतं. मग मॅडम आत गेल्या आणि पाकीट घेऊन आल्या.

"बेटा, वो पढ़ ना एक बार. जाने फिर कब आएगी तू."

गुरमीतनं माझ्याकडे बघितलं. मी सरबताच्या पेल्याकडे बघितलं. मॅडमनी पाकिटातून कागद काढून, उलगडून तिच्या हातात दिला. गुरुमुखीलाही आपल्यासारखी अक्षरांच्या डोक्यावरून रेघ असते. त्या कागदावर ती अक्षरांच्या पायाखालून जात होती.

गुरमीतनं ते पाहिलं. मग कागद होता तसाच धरून, सावकाश, एकेका शब्दावर थांबत, पहिल्यापासून वाचायला लागली. मॅडम मान ताठ ठेवून ऐकत होत्या. तो कागद सरळ करावा असं आम्हा तिघींपैकी कुणालाच वाटलं नाही.